महासत्ता आपले शत्रू स्वतःच घडवते काय?



या स्मृतिव्याख्यानमालेत यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल प्रथम मी मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाचे शिक्षक होते. इतिहासाच्या शिक्षकाला आदरांजली वाहायची तर ती एखाद्या प्रश्नाची नीट उकल करूनच वाहावी, असे मला वाटते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक प्रश्न निवडला आहे.

प्रश्न तसा आपल्या परिचयाचा आहे. शाळा-महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत तो निरनिराळ्या शब्दांत वारंवार येतो : महासत्ता आपल्या परराष्ट्रधोरणाने आपले शत्रू स्वतःच निर्माण करते काय? अनुकूल बाजूचा वक्ता हस्तक्षेपांची यादी वाचतो आणि पेराल तसे उगवेल, असा निष्कर्ष काढतो. प्रतिकूल बाजूचा वक्ता म्हणतो की बलवानाचा हेवा जगात सर्वत्र होतो. महासत्तेने काहीही केले वा न केले, तरी तिला शत्रू असणारच. टाळ्या दोघांनाही मिळतात. परंतु टाळ्यांनी इतिहासाचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी एखादे प्रकरण हाती घेऊन, त्यातील घटनांचा क्रम लावून, कोणत्या क्षणी कोणता मार्ग खुला होता आणि तो कोणी बंद केला, हे पाहावे लागते. मी आज मुख्यतः अमेरिका आणि इराण यांच्या संबंधांचे प्रकरण आपणापुढे मांडणार आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मग इतर काही देशांच्या अनुभवावर, आणि आपल्या या सीमाभागाच्या अगदी शेजारच्या गोमंतकाच्या अनुभवावरही, घासून पाहू.

१

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इराण आणि अमेरिका हे काही पिढीजात वैरी नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणी माणसाच्या मनात परकी सत्ता म्हटले की दोनच नावे येत : उत्तरेकडून रशिया आणि दक्षिणेकडून ब्रिटन. १९०७ साली या दोन सत्तांनी इराणची आपापल्या प्रभावक्षेत्रांत परस्पर वाटणी करून टाकली होती. त्या काळी अमेरिका ही दूरची आणि म्हणूनच निःस्वार्थ वाटणारी सत्ता होती. इराणात सनदशीर राज्यासाठी जी चळवळ झाली, तिच्या बाजूने लढताना १९०९ साली तब्रीझ शहरात हॉवर्ड बास्करव्हिल हा तरुण अमेरिकन शिक्षक मारला गेला. इराणात त्याची स्मृती दीर्घकाळ आदराने जपली गेली. १९११ साली इराणच्या मजलिसने, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेने, देशाचा बिघडलेला जमाखर्च सुधारण्यासाठी मॉर्गन शुस्टर या अमेरिकन गृहस्थास पाचारण केले. त्याने काम इतक्या चोखपणे आरंभिले की रशियाने निर्वाणीचा खलिता धाडून त्यास देशाबाहेर घालविण्यास भाग पाडले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत फौजा इराणच्या अझरबैजान प्रांतातून निघण्यास टाळाटाळ करू लागल्या, तेव्हा १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिका इराणच्या बाजूने उभी राहिली.

सारांश, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इराणी राष्ट्रवाद्यांच्या दृष्टीने अमेरिका हा संभाव्य मित्र होता. शत्रुत्व हे धर्मातून वा संस्कृतीतून आपोआप उद्भवते, असे मानणाऱ्यांनी या पन्नास वर्षांचा हिशेब दिला पाहिजे.

२

इराणात तेल सापडले ते १९०८ साली. पुढील वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनी स्थापन झाली आणि १९१४ साली ब्रिटिश सरकारने तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले. अबादान येथे या कंपनीचा जो तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला, तो जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. परंतु त्याच अबादानमध्ये इराणी मजूर हलाखीच्या वस्त्यांत राहत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत इराणच्या तेलावर इराणला रॉयल्टी म्हणून जी रक्कम मिळे, तिच्याहून अधिक रक्कम ब्रिटिश सरकार त्याच कंपनीकडून करापोटी वसूल करी. १९५० च्या अखेरीस शेजारच्या सौदी अरेबियात अमेरिकन कंपन्यांनी नफ्याची निम्मी वाटणी मान्य केली. ब्रिटिश कंपनी मात्र वेळीच तितके देण्यास तयार झाली नाही.

मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलउद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय केला आणि पुढच्याच महिन्यात डॉ. मोहम्मद मोसादेक पंतप्रधान झाले. मोसादेक हे युरोपात कायद्याचे शिक्षण घेतलेले, सनदशीर राज्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांचे भांडण ब्रिटनशी होते. अमेरिकेकडे ते मध्यस्थ म्हणून पाहत होते, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारने काही काळ मध्यस्थीचा प्रयत्न केलाही. ब्रिटनने इराणी तेलाच्या विक्रीवर बहिष्कार घातला आणि हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. जुलै १९५२ मध्ये त्या न्यायालयाने आपणास या बाबतीत अधिकारक्षेत्र नाही, असा निर्णय दिला. एका दुर्बळ राष्ट्राने कायद्याच्या चाकोरीत राहून बलाढ्य राष्ट्राशी दिलेला हा लढा होता.

जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेत आयसेनहॉवर अधिकारावर आले आणि दृष्टी पालटली. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि त्यांचे बंधू, सी.आय.ए.चे प्रमुख ॲलन डलेस, यांना तेलाच्या भांडणापलीकडे साम्यवादाचे संकट दिसत होते. इराणातील तुदेह हा साम्यवादी पक्ष सुसंघटित होता, आणि मोसादेक दुबळे पडल्यास देश त्या पक्षाच्या हाती जाईल, असे त्यांना वाटले. ब्रिटिश हेरखात्याच्या साहाय्याने कट रचला गेला. तेहरानमध्ये त्याची सूत्रे केर्मिट रूझवेल्ट या अधिकाऱ्याकडे होती. ऑगस्टच्या मध्यास झालेला पहिला प्रयत्न फसला. शहा बगदादमार्गे रोमला पळाले. परंतु १९ ऑगस्ट १९५३ रोजी दुसरा प्रयत्न सफल झाला. मोसादेक यांचे सरकार उलथले आणि शहा परत आले. मोसादेक यांना तीन वर्षे तुरुंगात आणि त्यानंतर १९६७ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या गावी नजरकैदेत राहावे लागले. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना १९५४ साली देहान्ताची शिक्षा झाली. त्याच वर्षी जो नवा तेलकरार झाला त्यात ब्रिटिश कंपनीचा वाटा चाळीस टक्क्यांवर आला आणि अमेरिकन कंपन्यांना मिळून तितकाच, म्हणजे चाळीस टक्के, वाटा मिळाला.

वॉशिंग्टनमध्ये हा मोठा विजय मानला गेला. थोड्या खर्चात, आपल्या सैन्याचा एकही शिपाई न धाडता, एक देश आपल्या बाजूस राखता आला, असा त्याचा अर्थ लावला गेला.

३

पुढील पंचवीस वर्षांत जे घडले, त्याचा विचार दोन धाग्यांनी केला पाहिजे.

पहिला धागा शहांच्या सत्तेचा आणि अमेरिकेच्या नावाचा. १९५७ साली अमेरिकेच्या साहाय्याने सावाक ही गुप्त पोलीस संघटना उभारण्यात आली. तिने केलेल्या छळाचा दोष लोकांनी शहांबरोबर अमेरिकेलाही दिला. १९६४ साली इराणच्या मजलिसने अमेरिकन लष्करी सल्लागारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना इराणी न्यायालयांच्या कक्षेतून मुक्त करणारा कायदा संमत केला. परकीयांना देशी कायद्यातून सूट देणारी जुनी पद्धत शहांच्या वडिलांनी १९२८ साली रद्द केली होती. ती आता मागील दाराने परत आली, अशी भावना झाली. या कायद्याविरुद्ध सर्वांत धारदार भाषण केले ते कोम शहरातील एका धर्मगुरूने. त्यांचे नाव आयातुल्ला रुहुल्ला खोमेनी. त्याबद्दल त्यांना हद्दपार करण्यात आले. १९७२ साली निक्सन आणि किसिंजर तेहरानला गेले आणि अण्वस्त्रे वगळता शहांना हवी ती शस्त्रास्त्रे देण्याचे धोरण ठरले. १९७७ च्या अखेरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेहरानमधील मेजवानीत इराण हे अस्थिर प्रदेशातील स्थैर्याचे बेट आहे, अशी प्रशंसा केली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९७८ मध्ये, कोम शहरात निदर्शनांना आरंभ झाला.

दुसरा धागा अधिक महत्त्वाचा आहे आणि वादविवादांत तो सहसा निसटतो. १९५३ नंतर शहांनी मोसादेक यांच्या राष्ट्रीय आघाडीची शक्ती मोडून काढली. तुदेह पक्षाचे लष्करातील जाळे उद्ध्वस्त केले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, निवडणुका नावापुरत्या उरल्या. म्हणजे सनदशीर मार्गाने विरोध करणारी जी जी संस्था होती, ती ती नाहीशी झाली. पण मशिदी बंद करणे शहांना शक्य नव्हते. देशभर पसरलेले, लोकांच्या वर्गणीवर चालणारे, गावोगावी ऐकले जाणारे एकच जाळे शिल्लक राहिले आणि ते धर्मगुरूंचे होते. असंतोषाला अन्य वाटच न उरल्यामुळे तो त्या वाटेने वाहू लागला. पुढे खोमेनींच्या भाषणांच्या ध्वनिफिती याच जाळ्यातून घरोघर पोहोचल्या.

१६ जानेवारी १९७९ रोजी शहांनी देश सोडला आणि १ फेब्रुवारीस खोमेनी परतले. तरीही त्या क्षणी सर्व काही ठरून गेले होते असे नाही. शहांनी जाता जाता नेमलेले पंतप्रधान शापूर बख्तियार हे मोसादेक यांच्या परंपरेतले होते. खोमेनींनी नेमलेले पंतप्रधान मेहदी बाझरगान हेही त्याच परंपरेतले; तेलउद्योग इराणी हाती घेण्याच्या कामात मोसादेक यांनी ज्यांच्यावर मोठी जबाबदारी टाकली होती, त्यांपैकी ते एक होते. बाझरगान यांना अमेरिकेशी संबंध तोडावयाचे नव्हते. परंतु मोसादेक यांच्या मार्गाने जाणाऱ्या या माणसांपाशी आता ना पक्ष उरला होता, ना रस्त्यावरचे बळ. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी शहांना उपचारांसाठी अमेरिकेत प्रवेश देण्यात आला. १९५३ साली शहा असेच देशाबाहेर गेले होते आणि अमेरिकेने त्यांना परत आणले होते, ही आठवण तेहरानमध्ये ताजी होती. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली. बाझरगान यांनी दोन दिवसांत राजीनामा दिला. बावन्न अमेरिकन नागरिक ४४४ दिवस ओलीस राहिले आणि दोन राष्ट्रांमधील वैर पक्के झाले.

पुढे सप्टेंबर १९८० मध्ये इराकने इराणवर आक्रमण केले, आणि आठ वर्षे चाललेल्या त्या युद्धात अमेरिकेचा कल इराककडे राहिला. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. त्यात २९० माणसे मृत्युमुखी पडली. एकदा वैर जडले की प्रत्येक घटना त्याच्याच खात्यावर जमा होऊ लागते.

४

येथपर्यंत मांडलेला वृत्तान्त अनुकूल बाजूच्या वक्त्याला आवडेल. परंतु प्रतिकूल बाजूचे आक्षेपही तितक्याच गांभीर्याने ऐकले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की १९५३ चा उठाव केवळ परकीयांनी केला, हे खरे नाही. त्यात जनरल झाहेदींसारखे इराणी सेनानी होते. मोसादेक यांच्याच बाजूने आरंभी उभे राहिलेले आयातुल्ला काशानी त्यांच्यापासून फुटले होते. स्वतः मोसादेक यांनी विशेष अधिकार हाती घेतले होते आणि ऑगस्ट १९५३ मध्ये सार्वमत घेऊन मजलिस बरखास्त करण्याचा मार्ग धरला होता. शिवाय १९६३ साली खोमेनी आणि अन्य धर्मगुरूंनी शहांविरुद्ध जो आवाज उठविला, त्यामागे स्त्रियांना मिळालेला मताधिकार आणि जमीनसुधारणा यांना असलेला विरोधही होता. त्या विरोधाचे पितृत्व अमेरिकेकडे जात नाही.

हा आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. महासत्ता शून्यातून शत्रू घडवू शकत नाही. इराणात धर्मगुरूंचे राज्य व्हावे असे मानणारे लोक १९५३ पूर्वीही होते. परंतु ते तेव्हा अनेक पक्षांपैकी एक होते. १९७९ साली ते सर्वांवर भारी ठरले. या दोहोंमधील पंचवीस वर्षांत त्यांचे प्रतिस्पर्धी कोणी नाहीसे केले, हा आपला प्रश्न आहे. याचे उत्तर शहा असे येते, आणि शहांना गादीवर कोणी ठेवले, याचे उत्तर अमेरिका असे येते. म्हणून मूळ प्रश्नाचे शब्दच थोडे बदलावेत असे मी सुचवितो. महासत्ता शत्रूंना जन्म देते की नाही, यापेक्षा तिच्या विरोधकांपैकी कोणता विरोधक टिकेल आणि कोणता नष्ट होईल, हे ती ठरविते काय, असे विचारावे.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. अन्यायाने शत्रू घडतात, तर मग जपान अमेरिकेचा शत्रू का नाही? जगात अणुबाँब पडले ते त्याच देशावर. व्हिएतनाम शत्रू का राहिला नाही? २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत स्वातंत्र्य घोषित करताना हो चि मिन्ह यांनी अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आधार घेतला होता. ट्रुमन यांना धाडलेल्या त्यांच्या पत्रांना उत्तर मिळाले नाही, आणि पुढे लाखो माणसांचा बळी घेणारे युद्ध झाले. तरीही १९९५ साली दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि २०२३ साली तर ते सर्वंकष सामरिक भागीदारीच्या पातळीवर नेण्यात आले. चिलीमध्ये १९७३ साली आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार लष्कराने उलथले. त्या सरकारविरुद्ध सी.आय.ए.ने पैसा ओतला होता, हे अमेरिकन सिनेटच्याच चौकशीतून १९७५ साली उघड झाले. तरी चिली अमेरिकेचा वैरी झाला नाही.

या उदाहरणांनी एक गोष्ट निर्विवाद ठरते : केवळ दुखापतीने चिरकाल वैर निर्माण होत नाही. मग भेद कशात आहे? जपानमध्ये १९६० साली सुरक्षाकराराविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली, आयसेनहॉवर यांचा दौरा रद्द करावा लागला आणि पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावे लागले. पण हे सारे संसद, पक्ष आणि वृत्तपत्रे यांच्या चौकटीत घडले. राग व्यक्त झाला आणि राज्य चालू राहिले. चिलीत सतरा वर्षांची लष्करशाही आली, तरी जुने पक्ष पूर्ण मेले नाहीत. १९८८ च्या सार्वमतात त्यांनी पिनोशे यांना नाकारले आणि १९९० मध्ये नागरी सरकार आले. व्हिएतनाममध्ये अमेरिका निघून गेली आणि देशाचा कारभार त्या देशाच्याच हाती राहिला. शत्रूचा हस्तक आपल्यावर राज्य करतो, ही नित्य बोचणारी जाणीव तेथे उरली नाही. इराणात यांपैकी काहीच घडले नाही. तेथे पंचवीस वर्षे परकीयांच्या पाठबळावर टिकलेली सत्ता डोळ्यांसमोर होती आणि तिला बदलण्याची सनदशीर वाट बंद होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की असंतोषाचे रूपांतर वैरात होते, असे मला अनुमान काढावेसे वाटते.

५

हे अनुमान आपल्या घराजवळच्या अनुभवावर तपासून पाहू. बेळगावच्या श्रोत्यांना गोव्याच्या मुक्तिसंग्रामाची माहिती मी नव्याने द्यावयास नको. १९५५ सालच्या सत्याग्रहांत या भागातून आणि अवघ्या महाराष्ट्रातून माणसे गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही धारातीर्थी पडले. या घटनेला चार महिनेही झाले नव्हते, तोच २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात पोर्तुगालच्या पूर्वेकडील वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे प्रांत असा होता. चारच दिवसांनी पत्रकारांनी छेडले असता डलेस यांनी तो शब्द मागे घेतला नाही. पोर्तुगाल नाटो करारातील सभासद होते आणि अझोर बेटांवरील विमानतळ अमेरिकेला हवा होता. नेमक्या त्याच दिवसांत बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोव्याच्या प्रश्नावर भारताला पाठिंबा देत होते. एका वाक्याने अमेरिकेने भारतीय लोकमताला जितके दूर लोटले, तितके सोव्हिएत प्रचाराला अनेक वर्षांत साधले नसते. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे बारगळला, हे आपणास ठाऊकच आहे.

तरीही भारत अमेरिकेचा शत्रू झाला नाही. पुढच्याच वर्षी चीनने आक्रमण केले तेव्हा भारताने अमेरिकेकडे शस्त्रांची मागणी केली आणि अमेरिकेने ती पुरविली. १९७१ च्या डिसेंबरात एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तेव्हाही क्षोभ झाला आणि ओसरला. याचे कारण भारतीय माणूस अधिक क्षमाशील आहे, असे कोणी सांगू नये. आपल्या देशाचे सरकार आपण निवडलेले होते. संसदेत डलेस यांच्यावर कडाडून टीका करता येत होती, वर्तमानपत्रांत अग्रलेख लिहिता येत होते, आणि परराष्ट्रधोरण ठरविणारे सरकार परकीयांचे मिंधे नव्हते. रागाला वाट होती, म्हणून तो विषारी झाला नाही. इराणच्या तरुणाला हीच वाट नाकारली गेली होती.

६

हा दोष एकाच महासत्तेचा मानणे हीही चूक ठरेल. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि त्यांनी आरंभीच काबूलमधील साम्यवादी राज्यकर्ते हफीझुल्ला अमीन यांनाच ठार केले. नऊ वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९८९ रोजी, त्या फौजा परतल्या तोवर सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक मारले गेले होते आणि पन्नास लाखांहून अधिक अफगाण निर्वासित झाले होते. शेजारचा एक गरीब, तटस्थ देश सोव्हिएत संघाने स्वतःच्या हातांनी आपला वैरी केला.

अमेरिकेने या युद्धात मुजाहिदीनांना पाकिस्तानमार्फत शस्त्रे आणि पैसा पुरविला. वाटप पाकिस्तानच्या आय.एस.आय.कडे होते आणि त्यात मोठा वाटा गुलबुद्दीन हेकमतयार यांच्यासारख्या कडव्या गटांना मिळाला. जलालुद्दीन हक्कानी हे त्या काळी सी.आय.ए.चे लाडके सेनानी होते. २००१ नंतर त्यांचेच जाळे अमेरिकन सैन्याशी लढले. येथेही तेच दिसते. अफगाण समाजात मवाळ गट होते, जुन्या राजघराण्याचे अनुयायी होते, पण शस्त्रांचा ओघ ज्यांच्याकडे वळला ते टिकले.

येथे मात्र सावधगिरीने बोलले पाहिजे. ओसामा बिन लादेन याला अमेरिकेने पोसले, असे विधान सर्रास केले जाते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन आयोगाला त्यास आधार सापडला नाही. अरब स्वयंसेवकांचा पैसा वेगळ्या मार्गांनी येत होता. जे सिद्ध झालेले नाही ते आवेशाने सांगितल्याने जे सिद्ध आहे त्याचीही विश्वासार्हता जाते.

हेरखात्याच्या परिभाषेत याला ब्लोबॅक, म्हणजे आपल्याच कृतीचा आपल्यावर उलटलेला परिणाम, असा शब्द आहे. तो सी.आय.ए.ने १९५३ च्या इराणमधील कटाचा जो अंतर्गत इतिहास १९५४ मध्ये लिहून घेतला त्यात आढळतो. म्हणजे कट करणाऱ्यांना धोक्याची कल्पना होती. परंतु तो इतिहास कपाटात राहिला. परराष्ट्रमंत्री मॅडलीन अल्ब्राइट यांनी मार्च २००० मध्ये, आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २००९ साली कैरोच्या भाषणात, अमेरिकेचा त्या उठावातील सहभाग मान्य केला. २०१३ साली सी.आय.ए.च्या कागदपत्रांतूनही तो उघड झाला. सामान्य अमेरिकन नागरिकाने १९७९ साली दूरदर्शनच्या पडद्यावर आपला ध्वज जाळला जाताना पाहिला, तेव्हा त्याला १९५३ ठाऊकच नव्हते. जे आपल्या नावाने केले गेले ते त्याच्यापासून लपविले गेले होते. साहजिकच समोरचा द्वेष त्याला निष्कारण वाटला. गुप्त धोरणाची ही सर्वांत मोठी किंमत आहे. त्यात आपल्याच लोकांना कारण आणि कार्य यांचा संबंध दिसेनासा होतो.

त्यानंतरही वाट खुली होण्याचा एक क्षण आला होता. जुलै २०१५ मध्ये अध्यक्ष रूहानी यांच्या मवाळ सरकारने अमेरिका आणि अन्य पाच सत्तांशी अणुकरार केला. मे २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. २०२१ साली इराणात कडव्या गटाचे इब्राहिम रईसी अध्यक्ष झाले आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँबफेक केली. रईसींच्या निवडणुकीत इराणच्याच पालक मंडळाने अनेक उमेदवार बाद केले होते, हे विसरता येत नाही. तरीही वाटाघाटींवर विश्वास ठेवणाऱ्यांचे हात त्यांच्याच देशात आणखी एकदा रिकामे ठरले, हेही तितकेच खरे.

७

शेवटी एका नैतिक मुद्द्याकडे वळतो, कारण माझ्यासमोर विद्यार्थी बसले आहेत. एखाद्या वैराचे कारण सांगणे म्हणजे त्या वैरातून केलेल्या कृत्याचे समर्थन करणे नव्हे. वकिलातीतील ज्या कर्मचाऱ्यांना ओलीस धरले गेले, त्यांपैकी बहुतेकांचा १९५३ शी काही संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांत जळून मेलेल्या माणसांनी कोणतेही परराष्ट्रधोरण आखले नव्हते. ज्याने मारले त्याची जबाबदारी त्याच्यावर पूर्णपणे राहते. पण वैद्याने रोगाचे कारण शोधले म्हणून तो रोगाचा पक्षपाती ठरत नाही, आणि कारण शोधू न देणारा रोग्याचा हितचिंतक ठरत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी मनात धरता येणे, याला मी इतिहासाचे शिक्षण म्हणतो.

मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. महासत्ता आपल्या सर्व शत्रूंना जन्म देत नाही. हेवा, धर्मांधता आणि सत्तालोभ जगात तिच्याशिवायही आहेत. परंतु दुसऱ्याच्या देशात ज्याच्याशी वाद घालता आला असता अशा विरोधकाला ती नष्ट करते किंवा नष्ट होऊ देते, तेव्हा पुढे ज्याच्याशी वादच शक्य नाही असा विरोधक तिच्या वाट्याला येतो. मोसादेक यांच्याशी तेलाच्या दरावर घासाघीस करता आली असती. खोमेनींशी कशावर करणार होते?

हा नियम मोठ्या राष्ट्रांपुरता मर्यादित नाही. बलवान शेजारी, बहुसंख्य समाज, राज्यकर्ता पक्ष, फार काय संस्थेचा चालक, ज्याच्या हाती अधिक बळ आहे त्या प्रत्येकाला तो लागू पडतो. आपल्याशी सभ्यपणे मतभेद दाखविणारा मनुष्य ही आपली ठेव असते. त्याला गप्प केले की काही काळ शांतता लाभते, आणि त्या शांततेत पुढचा, अधिक कठोर प्रतिस्पर्धी तयार होत असतो. आपण भारतीयही उद्याच्या जगात अधिकाधिक बळ बाळगणारे राष्ट्र होणार आहोत. आपल्या भोवतालची लहान राष्ट्रे आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, त्यांतील समंजस माणसांचे बळ आपल्या वागण्याने वाढते की घटते, याचा विचार या सभागृहातील तरुणांना पुढील आयुष्यात करावा लागेल. तो करताना इराणचे हे प्रकरण त्यांच्या स्मरणात राहिले, तर ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्या अध्यापनाचे सार्थक झाले, असे मी समजेन.